विंडोलांडा: चालू उत्खनन जवळून पाहायचं असेल तर

इंग्लंडमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे येणाऱ्या आपल्या आईवडिलांच्या फिरण्याच्या याद्या बहुतेक सारख्याच असतात. लंडन, ऑक्सफर्ड, स्टोनहेंज, वेळ उरला तर एडिंबरा. त्या यादीत उत्तरेकडचं आणखी एक नाव घालावं, असं मला मनापासून वाटतं. ते म्हणजे विंडोलांडा. न्यूकॅसलच्या पश्चिमेला, नॉर्दम्बरलँडमध्ये, रोमन सम्राट हेड्रियनने सरहद्दीवर बांधवून घेतलेल्या भिंतीच्या जरा दक्षिणेला असलेलं रोमन सैन्याचं ठाणं. मुलगी न्यूकॅसलला असते, त्यामुळे मला तिथे निवांत आणि पुन्हा पुन्हा जाता आलं. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत आलो. तेव्हा पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे हे लक्षात असू द्या.

रोमन अवशेष इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. भिंतीच्या कडेकडेनेच चेस्टर्स, हाउसस्टेड्स असे किल्ले आहेत आणि तेही बघण्यासारखेच आहेत. पण तिथे आपण काम संपल्यानंतर पोचतो. गवत नीट कापलेलं, दगडांच्या रांगा साफ केलेल्या, शेजारी माहितीचा फलक. विंडोलांडात काम अजून चालू आहे, आणि ते तुमच्यासमोर चालतं. एप्रिल ते सप्टेंबर, सोमवार ते शुक्रवार, हवेने साथ दिली तर माणसं खाली खड्ड्यात उतरून खणत असतात आणि तुम्ही दोरीच्या अलीकडे उभं राहून त्यांना काहीही विचारू शकता. माझ्या मते इथल्या तिकिटाची खरी किंमत यातच वसूल होते.

म्हणून पहिला सल्ला हा की आत शिरलात की उतार उतरून थेट संग्रहालयाकडे जाऊ नका. आधी खणायचं काम कुठे चाललंय ते विचारा आणि तिथे जाऊन उभे राहा. अर्धा तास तरी उभे राहा. पहिली पाच मिनिटं काहीच कळत नाही. चिखल, बादल्या, एकचाकी ढकलगाड्या, गुडघ्याखाली गाद्या घेऊन ओणवी बसलेली माणसं. मग हळूहळू डोळे सरावतात. मातीचा रंग एका ठिकाणी बदललेला दिसतो. इथे तांबूस चिकणमाती आहे, तिथे काळसर, ओलसर आणि भुसभुशीत. त्या काळसर पट्ट्यात हात घातलेला माणूस आपल्या थापीचा वेग एकदम कमी करतो. का, ते विचारलं की तो सांगतो. आणि त्याच्या सांगण्यात त्या जागेचं सगळं मर्म येतं.

भिंतीचं काम इ.स. 122 मध्ये सुरू झालं. हे ठाणं त्याच्याही आधीचं, साधारण इ.स. 85 च्या सुमाराचं. सुरुवातीचे किल्ले लाकडी होते. एक तुकडी गेली आणि दुसरी आली की जुन्या इमारती पाडायच्या, वर माती आणि गवताळ ढेकळं पसरायची आणि त्यावर नवं बांधायचं. असे किमान नऊ किल्ले इथे एकावर एक उभे राहिले. या दाबून बसवलेल्या मातीमुळे खालच्या थरांत हवाच पोचली नाही. प्राणवायू नाही म्हणून कुजवणारे जीवाणू नाहीत. त्यामुळे एरवी काही वर्षांत नाहीशा होणाऱ्या वस्तू, म्हणजे चामडं, लाकूड, कापड, इथे जवळजवळ एकोणीसशे वर्षं टिकून राहिल्या. काळी माती आली की थापी मंदावते ती म्हणूनच.

हे मी पुस्तकात आधी वाचलेलं होतं. तरी मला ते समजलं खड्ड्याच्या काठावर. खाली काम करणाऱ्या एका बाईंनी माझ्या नातीला थरांचा उभा छेद बोटाने दाखवला. हा दगडी किल्ल्याचा पाया, ही त्याखालची भर, आणि ही काळी रेघ म्हणजे लाकडी किल्ल्याची जमीन. नातीने विचारलं, "मग तुम्ही एकदम खालीच का नाही खणत?" बाईंनी काम थांबवलं, उठून काठाशी आल्या आणि सांगितलं की वरचा थर एकदा काढला की तो कायमचा गेला, म्हणून प्रत्येक थर आधी मोजायचा, काढायचा, नोंदवायचा आणि मगच खाली जायचं. आठ वर्षांच्या मुलीला उत्खननाची नीती सांगायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. मग सापडलेल्या वस्तूंचा ट्रे तिच्यासमोर धरला. हातात दिलं काही नाही, पण नीट बघू दिलं. जनावरांची हाडं, एक गंजून फुगलेला खिळा आणि गॉल प्रांतातून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून, आलेल्या तकतकीत लाल भांड्याचा तुकडा. नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आबा, हे आत्ताच निघालंय!" संग्रहालयाच्या काचेसमोर हे वाक्य कुठलंही मूल म्हणणार नाही.

त्या बाई पुरातत्त्वज्ञ नव्हत्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या. खड्ड्यातली बहुतेक माणसं अशीच असतात. विंडोलांडा ट्रस्ट ही 1970 साली स्थापन झालेली स्वतंत्र धर्मादाय संस्था हे उत्खनन चालवते आणि दर वर्षी काही शे स्वयंसेवक तिथे खणायला येतात. वय सोळा पूर्ण हवं, पूर्वानुभवाची अट नाही. शिकलेले पुरातत्त्वज्ञ प्रत्येक गटावर लक्ष ठेवून असतात, नोंदी आणि निर्णय त्यांच्या हातात. खणण्याचं, धुण्याचं, वाहून नेण्याचं काम मात्र शिक्षक, अभियंते, विद्यार्थी, निवृत्त लोक करतात. खापरं धुणं आणि वर्गवारी करणं हे बसून करायचं कामही स्वयंसेवकांना मिळतं, त्यामुळे गुडघे साथ देत नसणाऱ्यांनाही वाव आहे.

याचा एक परिणाम आपल्यासारख्या पाहुण्यांना थेट जाणवतो. ही माणसं स्वतः नुकतीच शिकलेली असतात. आपल्याला काय कळत नसेल हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, आणि सांगायची त्यांना हौस असते. तज्ज्ञाला दहा वेळा विचारलेला प्रश्न अकराव्यांदा कंटाळवाणा वाटू शकतो. सुट्टी काढून, स्वतःचे पैसे भरून आलेल्या माणसाला तो तसा वाटत नाही.

पैशांचं मला थोडं खटकतं, तेही सांगितलं पाहिजे. स्वयंसेवकांना खणण्यासाठी शुल्क भरावं लागतं, शिवाय राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. संस्था मुख्यतः पाहुण्यांच्या तिकिटांवर आणि देणग्यांवर चालते. एवढ्या माणसांना शिकवायचं, त्यांच्यावर देखरेख ठेवायची, सापडलेलं चामडं आणि लाकूड वर्षानुवर्षं जतन करायचं, याला पैसा लागतोच. कारण पटतं. तरीही ज्याला आठवडाभराची कमाई सोडून येणं परवडत नाही तो या खड्ड्यात उतरू शकत नाही. काठावर उभं राहून प्रश्न विचारण्याची जी मुभा इथे आहे ती म्हणूनच मला जास्त मोलाची वाटते. तिथे सगळे सारखे.

आता संग्रहालय. खाली ओढ्याच्या काठी चेस्टरहोम नावाचं जुनं घर आहे, त्यात आणि त्याला जोडून ते आहे. 1929 साली एरिक बर्ली या पुरातत्त्वज्ञाने ही जागा विकत घेतली. पुढे त्यांचा मुलगा रॉबिन आणि मग नातू अँड्र्यू यांनी इथल्या उत्खननाचं नेतृत्व केलं. या जमिनीतून निघालेलं इथल्याच प्रयोगशाळेत जतन होतं आणि इथेच मांडलं जातं. वर खड्ड्यात पाहिलेली काळी माती डोळ्यांसमोर असताना खाली त्याच मातीतल्या वस्तू पाहणं हा अनुभव क्रमाने घ्यावा, यासाठीच मी वरचा सल्ला दिला.

चपलाबुटांची भिंत चुकवू नका. विंडोलांडात आजवर पाच हजारांहून अधिक पादत्राणं निघाली आहेत. 2016 च्या एकाच हंगामात 421 सापडली, तीही सैन्य इ.स. 212 च्या सुमारास निघून जाताना खंदकात टाकून गेलेली. त्यांत सैनिकांचे खिळे ठोकलेले बूट आहेत, बायकांची पायताणं आहेत आणि लहान मुलांची अगदी छोटी. सैन्याचं ठाणं म्हणजे नुसते पुरुष, असं मी वर्गात शिकवत आलो होतो, कारण पाठ्यपुस्तकात तेच होतं. त्या छोट्या बुटांसमोर ते सगळं शिकवणं परत तपासावंसं वाटतं. जवळच 2017 साली सापडलेले चामडी मुष्टियुद्धाचे पट्टे आहेत, साधारण इ.स. 120 च्या सुमाराचे, बोटांच्या पेरांवर चढवायचे. लाकडी वस्तूंच्या दालनात पाण्याचे लाकडी नळ आणि 2014 साली निघालेली शौचकूपाची लाकडी बैठक. मुलं तिथून हलत नाहीत.

मी मात्र लेखपट्ट्यांच्या खोलीत सर्वांत जास्त थांबलो. पातळ लाकडी पट्ट्या, पोस्टकार्डाएवढ्या, जाडी एक ते तीन मिलिमीटर, त्यावर काजळीच्या शाईने लिहिलेलं. 1973 साली रॉबिन बर्लींना पहिल्या पट्ट्या मिळाल्या. दोन पातळ चिरफळ्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या सोडवल्यावर आत शाईच्या खुणा दिसल्या, आणि हवा लागताच त्या काळवंडून दिसेनाशा व्हायला लागल्या. अवरक्त किरणांच्या छायाचित्रणाने ती अक्षरं परत मिळवली. तेव्हापासून शेकडो पट्ट्या निघाल्या. त्यातली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे इ.स. 100 च्या सुमारास क्लॉडिया सेवेरा या बाईने आपल्या मैत्रिणीला, इथल्या ठाणेदाराची पत्नी सुल्पिशिया लेपिडिना हिला, वाढदिवसाला बोलावण्यासाठी लिहिलेलं पत्र. वाढदिवसाची तारीख 11 सप्टेंबर. मजकूर लेखनिकाने लिहिलेला, पण शेवटच्या ओळी सेवेराच्या स्वतःच्या हातच्या. स्त्रीच्या हस्ताक्षरातल्या लॅटिन लेखनाचा हा सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांपैकी एक.

मला त्याहून जवळची वाटली ती इथल्या पहिल्या तुंग्रियन (तुंग्री जमातीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) तुकडीची हजेरी. पटावर 752 माणसं. त्यातली 456 कामगिरीवर बाहेर, ठाण्यात हजर 296. त्या हजरांपैकी 31 कामाला असमर्थ: 15 आजारी, 6 जखमी, 10 जणांचे डोळे आलेले. साम्राज्य, सरहद्द, लेजियन असले मोठे शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले. कागदावर 752 आणि प्रत्यक्ष कामाचे 265, हे एक उदाहरण माझ्या हाताशी असतं तर सरहद्द सांभाळणं म्हणजे काय, हे एका तासात शिकवता आलं असतं. आणखी एका पट्टीत मॅस्क्युलस नावाचा घोडदळाचा अधिकारी आपल्या माणसांकडची बिअर संपली आहे, पाठवायला सांगा, असं लिहितो. हे वाचताना सगळे पाहुणे हसतात, आणि हसत हसत त्या माणसाशी ओळख होते.

बहुसंख्य पट्ट्या लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. 2011 पासून काही थोड्या उसन्या म्हणून इथे ठेवल्या आहेत, बाकी चित्रफितीतून आणि छायाचित्रांतून समजावलेल्या. लाकूड इतकं नाजूक आहे की त्यासाठी तापमान, ओलावा, प्रकाश सगळं बांधून ठेवावं लागतं, हे खरंच आहे. पण या खोलीत उभं राहिल्यावर मला वाटतं की त्यांचं घर इथेच असायला हवं. लंडनच्या त्या अवाढव्य इमारतीत सेवेराचं पत्र शंभर नवलांपैकी एक होतं. इथे बाहेर पडून चार पावलं चढलात की जिथे ते पत्र वाचलं गेलं ती जमीन आहे.

आणि इथेच मला आपल्याकडची आठवण होते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे केलेलं उत्खनन भारतातल्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरणाऱ्या काळातल्या, गावाचं फार महत्त्वाचं उत्खनन मानलं जातं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ त्यामागे होते. घरं, धान्याची कोठारं, कुंभाराचं घर, पाण्याचा पाट आणि बांध, पाच खोल्यांच्या मोठ्या घरात सापडलेला चार पायांचा दफनकुंभ, ज्यात माणसाला बसवून पुरलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं अख्खं गाव. हे किती मराठी मुलांना माहीत आहे? जवळच्या शाळेत शिकवत असताना माझे विद्यार्थी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावरून खापरं वेचून आणायचे आणि विचारायचे, "सर, हे कशाचं?" त्यांना नेऊन दाखवावं असं खड्ड्याच्या काठावरचं ठिकाण, प्रश्न विचारता येईल असं माणूस, गावातच राहिलेल्या वस्तू यातलं काही नव्हतं. गावोगावची पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकायला आणि शेतात पसरायला उकरून नेली जात होती. नेणाऱ्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की त्यात काय आहे. विंडोलांडाला जे जमलं त्यातलं सगळं महाग नाही. काठाला एक दोरी, उत्तर द्यायला तयार असलेला एक माणूस, दिवसातून ठरावीक वेळी पंधरा मिनिटांचं बोलणं. पुढच्या वेळी महाराष्ट्रात कुठेही पांढरीत कुदळ पडेल तेव्हा निदान एवढं तरी व्हावं, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

विंडोलांडापासून पश्चिमेला मॅग्ना नावाचा दुसरा किल्ला याच ट्रस्टकडे आहे. तिथे 2023 पासून पाच वर्षांचं उत्खनन चालू आहे, त्यातही स्वयंसेवक आहेत. घाई करण्याचं कारण काळजीचं आहे. हवामान बदलामुळे दलदलीची जमीन सुकते, भेगा पडतात, हवा आत शिरते, आणि एकोणीसशे वर्षं टिकलेलं चामडं-लाकूड खणण्याआधीच नष्ट होऊ शकतं. 2025 मध्ये तिथल्या खंदकातून 32.6 सेंटिमीटर लांबीचा बुटाचा तळ निघाला. मॅग्नाला लागूनच रोमन आर्मी म्युझियम आहे आणि विंडोलांडा आणि हे संग्रहालय या दोन्हीचं मिळून एकत्र तिकीट मिळतं. वेळ असेल तर तेच घ्या. लहान मुलांना ते संग्रहालय आवडतं, पण एकच निवडायचं झालं तर मी विंडोलांडा म्हणेन.

काही व्यावहारिक गोष्टी. हे ठिकाण इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेचं नाही, त्यामुळे त्यांचं सदस्यत्व असलं तरी इथे वेगळं तिकीट काढावं लागतं. गाडी नसेल तर न्यूकॅसलहून रेल्वेने हेक्सहॅमला या. तिथून हंगामात एडी122 नावाची बस भिंतीच्या बाजूने धावते. वेळापत्रक आधी बघून ठेवा, बस चुकली तर पुढची लवकर येत नाही. माळ उघडा आहे, वारा सरळ अंगावर येतो, जुलैतसुद्धा जाकीट लागतं. वरच्या अवशेषांपासून खाली संग्रहालयाकडे जाणारा उतार चांगलाच तीव्र आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तिकीट काढतानाच सोयीचा रस्ता विचारून घ्यावा. मध्ये 1970 च्या दशकात उभारलेली भिंतीची लाकडी आणि दगडी प्रतिकृती आहे. तिच्यावर चढून पाहिलं की सगळी वस्ती एका नजरेत येते: किल्ला, मुख्यालय, कोठारं, बाहेरची बाजारवस्ती, स्नानगृह. माहितीची फेरी किती वाजता आहे ते प्रवेशद्वारापाशीच विचारा आणि तिच्याभोवती बाकीचा दिवस आखा. खाली बागेत चहा-खाण्याची सोय आहे.

ज्यांची मुलं इथे स्थायिक आहेत आणि ज्यांना स्वतः खणायचंय त्यांनी पुढच्या हंगामाची नोंदणी शरद ऋतूतच सुरू होते हे लक्षात ठेवावं. जागा फार पटकन भरतात.

आणि वार. शनिवार-रविवारी गेलात तर अवशेष आणि संग्रहालय दोन्ही मिळतील, खड्डे मात्र झाकलेले असतील आणि विचारायला खाली कुणी नसेल. मुलाला किंवा सुनेला एक दिवस रजा काढायला सांगा आणि मधल्या वारी सकाळी लवकर पोचा.